स्पर्धेचा निकाल लागला, पाकीट फोडलं, आणि आता बक्षीस द्यायचं की नाही?

निळी शाई

नमस्कार. बारा दिवस झाले, हा विषय डोक्यातून जात नाहीये. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

मी एका कथास्पर्धेच्या समितीत आहे. आम्ही पाच जण, सगळे नोकरी सांभाळून हे करणारे. स्पर्धा नवोदितांसाठी आहे, पण पहिल्या बक्षिसाची रक्कम चांगली मोठी आहे, माझ्या साधारण पाच महिन्यांच्या पगाराएवढी. एका वाचकाने मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवले होते. परीक्षकांना लेखकाचं नाव कळत नाही. कथेवर फक्त क्रमांक असतो आणि नाव-पत्ता वेगळ्या बंद पाकिटात. निकाल ठरल्यावरच पाकीट फोडायचं.

यंदा 83 कथा आल्या. 47 क्रमांकाची कथा तिन्ही परीक्षकांनी पहिली ठेवली. असं आमच्याकडे याआधी एकदाही झालेलं नाही. कथा हाताने लिहिलेली होती, रेघी कागदावर, पाठपोट. टाइप मीच केली, त्यामुळे तिचा शब्दन् शब्द माझ्या बोटांखालून गेला आहे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला ऐकू येईनासं होतं, आणि तो घड्याळ कानाला लावायचं सोडून दाताला लावायला शिकतो. टिकटिक हाडातून ओळखतो. एवढीच गोष्ट. तिच्यात ना गुन्हा आहे, ना तुरुंग.

पाकीट फोडलं. नाव कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. समितीतल्या एकाने सहज म्हणून ते इंटरनेटवर टाकून बघितलं आणि जुनी बातमी निघाली. बाविसाव्या वर्षी भांडणात याने एकाच्या डोक्यात लोखंडी कांब घातली होती. तो माणूस तिसऱ्या दिवशी गेला. सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, ती पूर्ण भोगली, बाहेर येऊनही आता अकरा वर्षं झाली.

खात्री करून घेणं भाग होतं, म्हणून फोन मी केला. कसं विचारायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, पण ते वाचायची वेळच आली नाही. "हो, तो मीच," म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, फॉर्मवर विचारलं असतं तर लिहिलं असतं." आमच्या फॉर्मवर तसा प्रश्न नाही, हे खरंच आहे.

समितीत दोघांचं म्हणणं आहे की बक्षीस देऊ नये, दुसऱ्या क्रमांकाला पहिला करावा. एकजण म्हणतो, द्यावं. एकाचं ठरत नाहीये. माझं मन देण्याकडे आहे. पण त्या बातमीच्या शेवटी एक ओळ होती, की गेलेल्या माणसाला तीन वर्षांची मुलगी आहे. ती आता चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. तिने ही कथा वाचली, खाली हे नाव वाचलं, तर तिला काय वाटेल? या प्रश्नाशी येऊन मी अडते.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक तर, अशा माणसाने जिंकलेले पैसे अडवायला काही आधार असतो का, इतर ठिकाणी काय करतात. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं.

---

सरळ रेघ

स्पष्ट लिहितो. देऊ नका.

शिक्षा भोगली म्हणजे समाजाशी हिशेब मिटला, हे कायद्यापुरतं ठीक आहे. त्याला काम मिळावं, घर मिळावं, कुणी हिणवू नये, हे मला शंभर टक्के मान्य. पण बक्षीस म्हणजे पगार नाही. बक्षीस म्हणजे चार लोकांनी उभं राहून केलेला मान. त्या दिवशी जो माणूस मेला, त्याच्या पोटातही काही गोष्टी असतील. त्या लिहायला तो उरला नाही. ज्याने त्याला उरू दिलं नाही, त्याला आपण मंचावर बोलावायचं? माझं मन तयार होत नाही.

पुढच्या वर्षीपासून नियमात अट घाला, आणि यंदा पहिलं बक्षीस रिकामं ठेवा. दुसऱ्यालाही देऊ नका, कारण ते त्याने जिंकलेलं नाही.

---

पारिजात

शाईताई, मी दुसऱ्या बाजूची आहे. म्हणजे त्या तीन वर्षांच्या मुलीच्या बाजूची.

माझ्या धाकट्या भावाचा डावा डोळा एका मारहाणीत गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मारणाऱ्याला शिक्षा झाली आणि कोर्टाने नुकसानभरपाईही द्यायला सांगितली. त्यातली दमडी आली नाही. ऐपत नाही, असं त्याच्या बाजूने सांगण्यात आलं, आणि ते खोटंही नसावं. आम्ही विषय सोडून दिला. सोडून दिला म्हणजे काय, तर त्याच्याबद्दल घरात बोलणं बंद केलं.

नऊ वर्षांनी एका गाण्याच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो टीव्हीवर दिसला. आवाज त्याचाच आहे हे भावाने आधी ओळखलं, मी नंतर. तो जिंकला. दोन माणसांना धरावा लागेल एवढा पुठ्ठ्याचा चेक त्याच्या हातात दिला. त्या चेकवर जेवढा आकडा होता, तेवढ्यात भावाच्या सगळ्या शस्त्रक्रिया दोनदा झाल्या असत्या. टीव्ही बघताना भाऊ मान डावीकडे वळवून बसतो, एका डोळ्यात पडदा मावावा म्हणून. तसाच बसून त्याने सगळं शेवटपर्यंत पाहिलं. चॅनेल बदललं नाही. "गातो मात्र चांगला," एवढंच म्हणाला. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मी आयोजकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की स्पर्धकाच्या खासगी बाबींशी आमचा संबंध नाही. वकिलाकडे गेले, तर त्यांनी सांगितलं मुदत संपली.

आता तुम्हाला वाटेल मी म्हणणार, बक्षीस काढून घ्या. नाही म्हणणार. त्याचं बक्षीस काढून घेतलं असतं तर ते पैसे आयोजकांकडे राहिले असते, किंवा दुसऱ्या गायकाला गेले असते. माझ्या भावाला काय मिळालं असतं? सरळ रेघ, तुम्ही मनापासून लिहिलंय हे कळतं. पण रिकामं ठेवलेलं बक्षीस आमच्या घरात येत नाही. ते फक्त तुमच्या मनाच्या समाधानाला येतं.

शाईताई, मला विचाराल तर एकच गोष्ट बघा. त्या कुटुंबाचं देणं राहिलंय का? राहिलं असेल तर त्याच्या हातात रक्कम पडली हे त्यांना कळायला हवं. ते काय करतील ते करतील. आम्हाला हे टीव्हीवरून कळलं.

---

जुना दप्तरदार

मी वकील नाही. पण कोर्टाच्या दप्तरात उभी हयात गेली आणि निवाडे वाचायची सवय अजून सुटलेली नाही. पारिजात, "मुदत संपली" हे जे तुम्हाला ऐकावं लागलं, तेच इंग्लंडमध्ये एका बाईंना ऐकावं लागलं होतं. त्यांची गोष्ट सांगतो, कारण शाईताईंचा अर्धा प्रश्न त्यात आहे.

1988 मध्ये लीड्समधल्या एका बागेत एका शिक्षिकेवर बलात्काराचा प्रयत्न झाला. हल्लेखोर होर नावाचा, आधीचेही असेच गुन्हे नावावर असलेला. 1989 मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या बाईंना सरकारी योजनेतून 5,000 पौंड मिळाले. होरवर त्यांनी दावा लावला नाही, कारण त्याच्याकडे होतं काय? ऑगस्ट 2004 मध्ये तुरुंगातून थोड्या दिवसांच्या रजेवर बाहेर असताना त्याने लॉटरीचं तिकीट घेतलं आणि त्याला 70 लाख पौंड लागले.

देशभर संताप झाला. पण तिकीट रीतसर होतं, सोडत रीतसर होती, लॉटरी चालवणाऱ्यांनी पैसे दिले. ते काढून घ्यायला कायद्यात जागा नव्हती. बाईंनी दावा लावला, तर मुदतीची भिंत आडवी आली. तिथे 1993 च्या एका निवाड्याने विचित्र स्थिती करून ठेवली होती. कुणाच्या हलगर्जीपणामुळे इजा झाली तर मुदत तीन वर्षांची, पण न्यायाधीशाला ती योग्य वाटल्यास शिथिल करता येई. मुद्दाम इजा केली असेल तर मुदत सहा वर्षांची, आणि तीत एका दिवसाचीही सवलत नाही. म्हणजे चुकून धक्का देणाऱ्याच्या विरोधात उशिरा दार उघडे आणि मुद्दाम हल्ला करणाऱ्याच्या विरोधात कायमचं बंद. 30 जानेवारी 2008 रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, हा फरक मोडून काढला. "ए विरुद्ध होर" या नावाने निवाडा आहे. बाईंचं नाव गुप्त ठेवून फक्त "ए" लिहिलं आहे. पुढे त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्यांचा दावा चालू द्यायला परवानगी दिली, घटनेला वीस वर्षं झाल्यावर.

यात मला नेहमी एक गोष्ट महत्त्वाची वाटत आली आहे. बक्षीस कुणी जप्त केलं नाही. बक्षीस लागल्यामुळे तो वसुली करण्याजोगा माणूस झाला, आणि न्यायालयाने ज्याला इजा झाली त्या व्यक्तीसाठी वसुलीचं दार उघडलं.

न्यूयॉर्कमध्ये हेच कायदा करून साधलं आहे, पण एकदा आपटून. 1977 मध्ये तिथे एका खुन्याच्या कहाणीला प्रकाशक मोठी रक्कम देतील या भीतीने कायदा केला, की गुन्ह्याविषयी लिहून-सांगून मिळालेला पैसा बळींसाठी अडकवून ठेवायचा. 1991 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण तो फक्त लिहिण्या-बोलण्यातून आलेल्या पैशावर बोट ठेवत होता. 2001 मध्ये कायदा नव्या रूपात आला. आता पैसा पुस्तकातून आला, वारसाने आला की लॉटरीत लागला, हे बघत नाहीत. ठरावीक गंभीर गुन्ह्यांतल्या, शिक्षा चालू असलेल्या किंवा ती संपून तीन वर्षं न झालेल्या दोषीच्या हातात 10,000 डॉलर किंवा जास्त पडले की सरकारी कार्यालयाला कळवावं लागतं, ते कार्यालय बळींना कळवतं, आणि कळल्यापासून दावा लावायला तीन वर्षं मिळतात. पारिजात, तुम्ही जे मागता आहात ते अगदी हेच.

बक्षीस मुळातच न देण्याची प्रकरणंही आहेत, पण ती वेगळ्या जातीची. 2019 मध्ये इंग्लंडमध्ये दोघांनी दुसऱ्याच्या चोरलेल्या डेबिट कार्डाच्या तपशिलांवर लॉटरीची खरवडायची तिकिटं घेतली. एकावर 40 लाख पौंड लागले. पैसे दिलेच नाहीत, उलट दोघे तुरुंगात गेले. तिथे तिकीटच चोरीचं होतं. बॉस्टनचा गुंड व्हाइटी बल्जर 1991 मध्ये 1 कोटी 43 लाख डॉलरच्या लॉटरीत भागीदार म्हणून पुढे आला होता. काळा पैसा धुण्यासाठी त्याने जिंकलेल्या तिकिटातला वाटा विकत घेतला असावा, असा संशय होता. तो फरार झाल्यावर सरकारने त्याचा हिस्सा अडवला. तुमच्या माणसाची कथा चोरीची नाही ना? मग या दोन्हींचा तुमच्याशी संबंध नाही.

सरळ रेघ, निकाल लागल्यावर अट घालता येत नाही. हे नुसतं तांत्रिक म्हणून सांगत नाही. जो नियम वाचून माणूस स्पर्धेत उतरला, तो नियम त्याच्याशी केलेला करार असतो. आणि आणखी एक. 2004 मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या महिला तुरुंगातल्या लेखनवर्गाच्या एका कैद्याला 25,000 डॉलरचा पुरस्कार मिळाला. त्याआधीच राज्याने त्या वर्गातल्या बायकांकडे तुरुंगात राहण्याचा खर्च मागितला होता, दिवसाला 117 डॉलर या हिशेबाने. त्यांचं एकत्र पुस्तक निघालं म्हणून. बराच गदारोळ झाला आणि राज्याला मागे यावं लागलं. त्या सगळ्या भांडणात पैसा सरकारकडे जाणार होता. बळींच्या घरी जायची गोष्ट त्या दाव्यात नव्हती.

---

तिसरी घंटा

खेळात हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून एक नाव सुचवतो. बर्नार्ड हॉपकिन्स, अमेरिकेचा मुष्टियोद्धा. लुटमारीच्या गुन्ह्यांसाठी कोवळ्या वयात आत गेला, जवळजवळ पाच वर्षं काढली, 1988 मध्ये सुटला. त्याच वर्षी व्यावसायिक म्हणून पहिली लढत खेळला आणि हरला. पुढे मिडलवेट वजनगटाचा जगज्जेता झाला, 2011 मध्ये 46 व्या वर्षी पुन्हा एकदा विश्वविजेतेपद घेतलं. त्याच्या लढतींचं मानधन परत घ्या असं मी कधी ऐकलं नाही. ठोसे त्याने खाल्लेले सगळ्यांना दिसले होते ना.

कथा लिहिताना खाल्लेले ठोसे दिसत नाहीत, म्हणून ते बक्षीस फुकटचं वाटतं का? लॉटरीसारखं? पाठपोट रेघी कागदावर लिहिलेली कथा हे कष्टच आहेत. दप्तरदार काका, न्यूयॉर्कच्या कायद्यात मजुरी धरतात का?

---

जुना दप्तरदार

कष्टाने कमावलेलं उत्पन्न त्यातून वगळलेलं आहे. फरक तिथे केला आहे खरा. इंग्लंडमध्ये मात्र उलट बाजूने जातात. 1996 चा एक कायदा 2011 मध्ये अमलात आणला. तुरुंगातून बाहेर कामाला जाणाऱ्या कैद्याच्या मजुरीतून, आठवड्याचे पहिले 20 पौंड सोडून, उरलेल्यातले 40 टक्क्यांपर्यंत कापता येतात, आणि ती रक्कम बळींना मदत करणाऱ्या संस्थेकडे जाते. म्हणजे तिथे घामाचा पैसाही सुटत नाही. मला ते गैर वाटत नाही. शिक्षा चालू असताना कापतात, आणि कापलेलं कुठे जातं ते ठरलेलं आहे. अकरा वर्षांनी कुणीतरी नाव शोधून कापायचं, हे मात्र गैर वाटतं.

---

हिशेबनीस

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. मी आत जाऊन आलेला माणूस आहे.

मी एका संस्थेत हिशेब बघायचो. निवृत्त लोकांच्या ठेवी होत्या. आधी एकदा उचलले, महिन्याच्या आत परत ठेवले. मग पुन्हा उचलले, आणि मग परत ठेवायचे राहिले. अडचण होती, आजारपण होतं, हे सगळं मी कोर्टात सांगितलं. आता सांगत नाही. 31 लोकांचे पैसे होते. साडेचार वर्षं आत होतो. संस्था बुडाली, त्यामुळे वसुली करणारं कुणी उरलं नाही. कायद्याने माझ्या मागे आज काहीही नाही.

बाहेर आल्यावर मी एक वही केली. 31 नावं, प्रत्येकापुढे आकडा. हातात सुतारकाम होतं, आत शिकलो होतो. दर महिन्याला थोडे बाजूला काढायचे, एका नावापुरते जमले की जाऊन द्यायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशीच एका आजींनी माझ्याकडून पैसे घेतले, समोर मोजले आणि दार लावून घेतलं. मला ते बरोबर वाटलं. एकांनी घेतलेच नाहीत. तो आकडा वहीत तसाच आहे. दोघे वारले होते, त्यांच्या मुलांना दिले.

बारा नावांवर रेघ मारून झाली तेव्हा मी लाकडी वस्तूंच्या एका स्पर्धेत घडीची खुर्ची पाठवली. गुडघे न वाकवता उठता यावं अशी बैठक, म्हाताऱ्या माणसांसाठी. कुणासाठी केली होती ते तुम्हाला कळलं असेल. खुर्चीला पहिलं बक्षीस मिळालं. आठवड्याने दोन ओळींचा ईमेल आला. "आपल्या पूर्वेतिहासाची माहिती मिळाल्यामुळे निवड रद्द करण्यात येत आहे."

मी भांडलो नाही. भांडायचा हक्क आपला नाही असं वाटलं. पण त्या रात्री वही काढून बसलो. त्या रकमेत आणखी सात नावं झाली असती. त्या सातांमध्ये एकजण ऐंशीच्या पुढचे होते. त्यांच्यापर्यंत मी पोचलो तेव्हा ते माणसं ओळखत नव्हते. पैसे सुनेच्या हातात दिले.

सरळ रेघ दादा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही मानाबद्दल जे लिहिलंत ते मलाही पटतं. मला मंचावर जायचं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की नाव लावू नका, फोटो काढू नका, पैसे मात्र द्या, ते माझे नाहीतच.

शाईताई, माझ्या गुन्ह्यात आकडा होता म्हणून वही करता आली. तुमच्या त्या माणसाला वही करता येणार नाही. जीव गेलाय. मी त्याच्यापेक्षा सुटसुटीत आहे, आणि हे लिहिताना मला ते फार जाणवतंय.

---

सरळ रेघ

हिशेबनीस, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मंचाबद्दलचं माझं मत तेच आहे. पैशांबद्दलचं मागे घेतो.

---

निळी शाई

काल बैठक झाली. त्याआधी मी त्याला पुन्हा फोन केला होता. पारिजातने लिहिलेला प्रश्न विचारला, देणं राहिलंय का. तो म्हणाला, कोर्टाने भरपाई सांगितलीच नव्हती, फक्त दंड होता, तो भरला. त्या घराशी त्याने कधी संपर्क केला नाही. "मी दिसलो तर त्यांना बरं वाटेल का वाईट, हे मला ठरवता आलं नाही," म्हणाला. मग हिशेबनीस दादांचं ऐकून मी मानाचं विचारलं. त्याने लगेच सांगितलं, समारंभाला येणार नाही. नावाचं मात्र तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "नाव छापा. लपवलं असं नको व्हायला. पण त्यांना आधी कळवा."

मत घेतलं, तीन विरुद्ध दोन. बक्षीस द्यायचं ठरलं, पूर्ण, काही न कापता. विरोधातल्या एका ताईंनी विचारलं की निदान अर्धे त्या मुलीला द्या अशी अट का नको. मला त्या क्षणी तेच योग्य वाटलं होतं. पण दप्तरदार काका म्हणाले तसं, ती अट घालणारे आम्ही कोण? आणि त्या मुलीला असं पाकीट आमच्याकडून अचानक मिळालं तर ती त्याचं काय करेल? तिला विचारलंय कुणी? तो भाग सोडून दिला. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर प्रश्न टाकायचा का, यावर अजून वाद चालू आहे. मी "नको" म्हणणाऱ्यांत आहे.

कळवायचं काम माझ्याकडे आलं आहे. अंक छापायला जायला तीन आठवडे आहेत. पत्ता मिळाला, आई आणि मुलगी अजून एकत्र राहतात. सकाळपासून पत्र लिहायला बसले आहे. सहा कागद झाले. एका कागदावर कथेचं कौतुक आलं, तो फाडला. एकावर त्याची बाजू आली, तोही फाडला. आता फक्त चार ओळी उरल्या आहेत. आम्ही कोण, कुणाची कथा, कधी छापून येईल, आणि त्यांना काही म्हणायचं असेल तर कुणाला सांगायचं.

पारिजात, तुला असं पत्र आधी आलं असतं तर हवं होतं का? खरं सांग.

---

पारिजात

हो. हवं होतं. भावाला तो आवाज असा एकाएकी ऐकावा लागला नसता.

मायन्यात "प्रिय" लिहू नका. नुसतं नाव लिहा. आईला वेगळं आणि मुलीला वेगळं पाठवा, एकीला वाचायचं नसेल तर दुसरीवर तिने ते लपवायची वेळ येऊ नये. त्याचं नाव पाकिटावर कुठेही नको. आणि तुमचा पत्ता बाहेर स्पष्ट लिहा, म्हणजे न उघडताही परत पाठवता येईल.